राणीच्या हातचं सोनं

हॅझलबरी, लडलोजवळ
१७ जून १७१४

डॉर्कस,

अक्षर ओळखलं असशील. फाडून टाकण्याआधी एवढं वाच, की मी काही मागायला लिहीत नाही, विचारायला लिहिते आहे.

मला एक मुलगी आहे. ज्युडिथ. सप्टेंबरात सहाची होईल. तिच्या आधीचा मुलगा आणि नंतरची दोघं चर्चच्या मागे आहेत, यू झाडाखाली. ही एकच हाताशी राहिली. ईस्टरच्या आधी तिच्या जबड्याखाली वाटाण्याएवढी गाठ आली. आता तीन आहेत, एकीखाली एक, आणि मधली लाल झाली आहे. मला कोणाला विचारावं लागलं नाही. तुझ्या उशीचे अभ्रे दोन वर्षं मीच धूत होते.

पाद्री क्रॅडक दाखला द्यायला तयार आहेत: गंडमाळच आहे, आणि याआधी मुलीला राजस्पर्श झालेला नाही. उन्हाळ्यात राणी कोणाला हात लावून बरं करत नाही. ऑक्टोबरात लंडनला पुन्हा सुरू होईल म्हणतात. तुझ्या वेळी बाबाच चर्चचे कारकून, दाखला घरच्या घरी झाला, म्हणून मला यातलं काही ठाऊक नाही. एवढंच सांग: बाथला तुला राणीपुढे आत नेलं तेव्हा काय काय विचारलं? वैद्य गाठी दाबून बघतात का? आईला मुलीबरोबर आत सोडतात का?

मी तर त्या दिवशी बाहेर अंगणातच उभी होते, तुझी शाल धरून. बारा वर्षं झाली. तू बाहेर आलीस तेव्हा गळ्यात पांढरी फीत होती आणि तिला ते सोन्याचं नाणं, एका बाजूला सैतानाला तुडवणारा देवदूत, दुसऱ्या बाजूला जहाज. बाबा भर रस्त्यात रडले. मीही रडले. का, ते विचारू नकोस. तीन महिन्यांत तुझा गळा सुकला, फक्त दोन वण राहिले.

एफ्रेम बरा आहे. चाकांचं काम पुष्कळ येतं. मी लिहिते आहे हे त्याला माहीत नाही.

हेस्टर


९ ऑगस्ट १७१४

प्रिय डॉर्कस,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. आईला आत सोडत नाहीत हे वाचून ज्युडिथला त्याची सवय करायला घेतली होती. रोज तिला क्रॅडकांच्या बैठकीत एकटी पाठवायची, वाकून नमस्कार करायला लावायचं. आता त्याचा काही उपयोग नाही.

तुमच्या वर्सेस्टरला बातमी आमच्या आधी पोचली असेल. आमच्याकडे गुरुवारी घंटा वाजली. मी पीठ मळत होते. वाटलं, गावातलं कोणी गेलं. क्रॅडक चर्चच्या पायरीवर उभे होते. म्हणाले, "राणी गेली, हेस्टर. स्टुअर्ट घराण्याचा दिवा विझला."

मी विचारलं, "मग आता लंडनला कोण हात लावणार?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? राजा तर कोणीतरी येईलच ना?"

"येईल. जर्मनीतून येतोय. नातं आहे म्हणतात, पण ते असं लांबचं की बोटावर मोजता मोजता बोटं संपतात." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "खरं रक्त, राणीचा हाकलून दिलेला भाऊ, समुद्रापलीकडे बसलंय. तुझी तिथवर जायची तयारी आहे का?"

मी म्हटलं, "पाद्रीसाहेब, मला लडलोपर्यंत जायलाही नवऱ्याची गाडी मागावी लागते."

लोक म्हणतात त्या बाईने इतकी मुलं पुरली की शेवटी नावं ठेवायचीही हौस राहिली नसेल. एकही मागे राहिलं नाही. मी माझी तीन मोजते आणि मला वाटतं आपलं दुःख मोठं. एक तरी जगलं असतं, डॉर्कस, तर ऑक्टोबरात माझ्या मुलीला हात लावायला कोणीतरी असतं.

प्रॉसर म्हातारीकडे एक फडकं आहे. राणीच्या आजोबांचं मुंडकं उडवलं त्या दिवशी त्यांच्या रक्तात बुडवलेलं, असं ती सांगते. तिच्या सासऱ्याने लंडनहून आणलेलं. एक आठवडा बांधलं ज्युडिथच्या गळ्याला. उंदराच्या मुताचा वास येतो त्याला. मधली गाठ फुटली, आणि आता ती मान एकाच बाजूला करून झोपते.

मागायला लिहीत नाही म्हटलं होतं. आता मागते. तुझं नाणं दे. एका महिन्यासाठी. गळ्यातून काढलं की दुखणं परततं म्हणतात, पण तू बारा वर्षं धडधाकट आहेस, एका महिन्याने तुला काय होणार आहे?

तुझी बहीण,
हेस्टर


३० ऑगस्ट १७१४

डॉर्कस,

तू लिहितेस, नाणं देईन, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. आठ वर्षं तो प्रश्न तू शिवत बसली होतीस, आणि माझी मुलगी आजारी पडल्यावरच तुला तो आठवला.

ठीक आहे. एफ्रेमने तुला मागणी घातली होती. त्याच्या आईला कोणीतरी जाऊन सांगितलं की गंडमाळ वरून सुकली तरी पोटात राहते, पोरांत उतरते, वण असलेली मुलगी घरात आणू नका. म्हातारीने नकार दिला. चार महिन्यांनी तिने माझ्यासाठी विचारलं आणि बाबांनी हो म्हटलं, कारण दोघींपैकी एक तरी उजवायची होती. तू वर्सेस्टरला हातमोजे शिवायला निघून गेलीस. हे सगळं तुला माहीत आहे. कोण बोललं, एवढंच तुला हवंय.

मार्जरी आत्या बोलली. तिची जीभ कशी होती तुला माहीत आहे. ती आता नाही, तिच्यावर रागावून उपयोग नाही.

उत्तर दिलं. बुधवारी नेड पॉवेल गाडी घेऊन तुमच्याकडे येतो. त्याच्या हाती दे. तो दारू पितो, पण चोरी करत नाही.

हेस्टर


२४ ऑक्टोबर १७१४

माझ्या लाडक्या डॉर्कस,

देव तुला सुखी ठेवो. ती फीत हातात घेतली तर अजून तुझ्या अंगाचा, कातड्याचा आणि मेणाचा वास होता. ज्युडिथने विचारलं, "हे कोणाचं?" मी म्हटलं, "तुझ्या मावशीचं." ती म्हणाली, "मला मावशी आहे?"

पाचव्या दिवशी जखमेतून पू यायचा थांबला. महिन्याने वरची गाठ बसली. काल तिने सफरचंद भरून भाजलेली अख्खी पोळी खाल्ली आणि मान दोन्ही बाजूंना फिरवून दाखवली. कोंबड्यांमागे पळते आहे. मी चुलीपाशी उभी राहून नुसती बघत होते, दूध उतू गेलं तरी.

एफ्रेमपासून लपवता आलं नाही. न्हाऊ घालताना त्याने फीत पाहिली. हातात घेतलं नाणं, उलटं केलं, जहाजाच्या बाजूवर अंगठा फिरवला. मग विचारलं, "तिने काढून दिलं?"

मी म्हटलं, "महिन्याभरासाठी."

"महिना होऊन गेला की."

एवढंच बोलला आणि कामाच्या पडवीत गेला. जेवायला हाक मारली तर आला नाही.

बुधवारी नव्या राजाचा राज्याभिषेक झाला. लडलोत चौकात शेकोटी केली, आमच्या गावात कोणी काटकीही पेटवली नाही. लोकांनी जाऊन विचारलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, मी कोणाला हात लावत नाही, असलं काही मी मानत नाही. म्हणजे आता इंग्लंडभर आहेत तेवढीच ही नाणी. तुला कळतंय ना मी काय म्हणते?

नाताळापर्यंत राहू दे. जखमेवर नवी कातडी धरू दे.

हेस्टर


२१ नोव्हेंबर १७१४

प्रिय डॉर्कस,

तुझी दोन पत्रं एकदम मिळाली. नदीला पूर आहे, नेडची गाडी दोन आठवडे निघालेली नाही. निघाली तरी अशा चिखलात सोन्याची वस्तू पाठवायला मन धजत नाही. तूच विचार कर.

तू लिहितेस, डाव्या कानाखाली टणक लागतंय. थंडीने लागतं तसं. दिवसभर मान वाकवून शिवायचं म्हटल्यावर शिरा ताठणारच. फ्लॅनेल बांध, मीठ गरम करून शेक. बारा वर्षांनी काही परत येत नसतं.

तू असंही लिहितेस की मुलीला घेऊन मीच यावं, एकदा तिला बघायचंय. येईन. वसंतात येईन. रस्ते सुकू देत.

ज्युडिथ चांगली आहे. पण अगदी चांगली नाही, अजून जपावं लागतं.

हेस्टर


१४ जानेवारी १७१५

डॉर्कस,

लिहायला हात उचलत नाही. नाणं हरवलं. ज्युडिथ गिरणीच्या तळ्याकाठी खेळत होती, फीत जीर्ण झालेली, तुटली असणार. आम्ही दोन दिवस गाळ उपसला. लहान मूल आहे, तिला बोलू नकोस.

तुझ्या गाठीबद्दल वाईट वाटलं. आता नाणं नाहीच, तेव्हा दुसरं काही औषध बघ. वर्सेस्टरला चांगले वैद्य आहेत.

हेस्टर


१९ मार्च १७१५

डॉर्कस,

हे पत्र पोचेल तोवर एफ्रेम तुझ्या दारात असेल. परवा सकाळी निघाला, चालत. गाडी घेतली नाही.

खरं लिहिते. नाणं हरवलं नव्हतं. तळ्यात काही पडलं नव्हतं, कोणी गाळ उपसला नव्हता. ते सगळा वेळ ज्युडिथच्या झग्याच्या आत होतं. एफ्रेमला मी ते तुला परत पाठवल्याचं सांगितलं होतं, आणि तिला शिकवलं होतं, बाबांना दाखवायचं नाही, कोणालाच दाखवायचं नाही.

गुरुवारी नेड पॉवेल चाकाला लोखंडी धाव चढवून घ्यायला आला. माझ्यासमोरच एफ्रेमला म्हणाला, "तुझ्या मेहुणीने विचारलंय, तळं आटलं की पुन्हा एकदा बघाल का म्हणून. बाईचं काही खरं नाही रे. गळा इथपासून इथवर सुजलाय. सुई ओवता येत नाही."

एफ्रेम म्हणाला, "कसलं तळं?"

नेड माझ्याकडे बघायला लागला. मी घरात आले. एफ्रेम मागोमाग आला. ओरडला नाही. ज्युडिथला जवळ बोलावलं, तिच्या झग्याच्या गळ्यात बोट घालून फीत बाहेर ओढली. ती लगेच म्हणाली, "आई म्हणाली दाखवायचं नाही."

मी म्हटलं, "तू काढशील आणि ती मरेल. तीन पुरली आपण. चौथी पुरायला मी तुला मदत करणार नाही."

"आणि डॉर्कस?"

"ती मोठी आहे. तिने तिचं आयुष्य जगून घेतलंय."

"कुठे जगली ती?" तो म्हणाला. "तू कुठे जगू दिलीस?"

मी मार्जरी आत्याचं नाव घेतलं. सवयच झाली होती. तो म्हणाला, "आईने मरताना मला सांगितलं, हेस्टर. तू रविवारी चर्चमधून तिच्याबरोबर घरापर्यंत चालत गेलीस आणि वाटेत सांगितलंस. मला सहा वर्षं माहीत आहे."

"मग माझ्याजवळ राहिलास कशाला?"

"ज्युडिथ तेव्हा पाळण्यात होती."

तर मीच बोलले, डॉर्कस. मार्जरी आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बाथच्या अंगणात उभी राहिले त्या दिवसाच्याही आधीपासून घरात सगळं तुझंच चाललं होतं. तुझी उशी, तुझं दूध, तुझा गळा, मग तुझं सोनं, आणि मग एफ्रेमही तुझाच. मी खोटं बोलतेय असं तेव्हा मला वाटलंही नाही. वैद्य असंच म्हणतात, पोरांत उतरतं. फक्त उतरलं ते माझ्या पोरीत, आणि वण असलेली मुलगी कोणी आणू नये असं मी जे म्हातारीला सांगितलं ते आता गावातल्या बायका ज्युडिथकडे बघून बोलतात.

तू मला विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटलं, सांगितलं तर तू देणार नाहीस. आता मला तेही खरं वाटत नाही. तू दिलं असतंस.

नाणं घाल. त्याने बांधलं की काढू नकोस. मी परत मागणार नाही. पण एफ्रेमला परत पाठव.

तुझी,
हेस्टर


हॅझलबरी
२ जून १७१५

एफ्रेम,

तुझ्या दोन ओळी आणि पुडकं नेडने दिलं. डॉर्कस नऊ मे रोजी गेली, सेंट मार्टिनच्या आवारात पुरली, माझं पत्र तिला वाचून दाखवलं होतं. एवढंच तू लिहिलंस. पत्र ऐकून ती काय म्हणाली ते लिहिलं नाहीस. नेडला विचारलं. तो म्हणाला, "मी दारात होतो, मला काय ऐकू येणार? एवढं माहीत आहे की बांधू दिलं नाही तिने ते. एफ्रेमने तीनदा प्रयत्न केला. म्हणाली, लहान मुलीच्या गळ्यातलं काढून माझ्या गळ्यात घालायचं नाही."

तू तीस मैल चालत गेलास आणि ते तिच्या उशाशी पडून राहिलं.

तुला एक सांगायचंय. मी कोणाला सांगितलेलं नाही. ज्युडिथचा गळा साफ आहे. तू नाणं नेलंस त्याला अकरा आठवडे झाले. पहिले पंधरा दिवस मी तिला अंगणात सोडली नाही, तासातासाला बोटांनी चाचपत होते, ती चिडून मला चावलीसुद्धा. काही आलं नाही. साधी खाजही नाही. म्हणजे नोव्हेंबरात पूर होता तेव्हाही, जानेवारीत मी ते तळ्याचं लिहिलं तेव्हाही, तिला त्याची गरज नव्हती. मी ते परत दिलं असतं तरी ज्युडिथ आजच्यासारखीच पळत असती. आणि डॉर्कसने ते घातलं असतं तर ती जगली असती का? क्रॅडकांना विचारलं. ते म्हणाले, ते देवालाच माहीत. मी म्हटलं, देवाला माहीत असून काय उपयोग, मला माहीत हवं. त्यांनी मला घरी पाठवलं.

नाणं एका छोट्या हातमोज्यात गुंडाळलेलं होतं. पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा, एकच, उजव्या हाताचा. दुसरा शिवून झाला नसेल. ज्युडिथने घालून बघितला. बोटं आत गेली नाहीत. माप तिने अंदाजानेच धरलं असणार. मी मुलगी तिला दाखवली कधी?

परवा गिरणीवाल्यांची बेस गिटिन्स आली. तिच्या धाकट्या मुलीला झालंय, चार वर्षांची आहे. कडेवर घेऊन आली, गळ्याला फडकं. दारातच म्हणाली, "हेस्टर, तुझ्या पोरीला ज्याने बरं वाटलं ते दे. थोडे दिवस."

मी म्हटलं, "बेस, त्याने काही होत नाही. ज्युडिथ त्याच्याशिवायच बरी आहे."

"आता म्हणतेस?"

"खरं सांगते. आणि ज्या बाईचं होतं ती त्याच्याशिवाय गेली. मला यातलं काहीच कळत नाही."

तिचा चेहरा बदलला. "तुझं काम झालं," ती म्हणाली. "आता आमच्या पोरीला द्यायच्या वेळी ते नुसतं सोनं झालं. ठेव जपून. तुझ्या मुलीच्या लग्नात कामाला येईल." आणि उंबऱ्यावर थुंकली. तिची मुलगी मात्र माझ्याकडेच बघत होती, मान एका बाजूला करून.

मी आत जाऊन आणलं. फीत बदलली होती, साध्या सुती पट्टीवर ओवलं होतं. मुलीच्या गळ्यात मीच बांधलं, गाठ मागे, जखमेला लागणार नाही अशी. बेसने विचारलं, "परत कधी आणून देऊ?"

"आणू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे परत आणू नकोस, बेस. जा."

ती निघाली. फाटकापाशी थांबली, वळली. मग मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन चालायला लागली.

म्हणून नाणं आता घरात नाही. तू परत आलास तर ते मागू नकोस. पडवीत तुझी तीन चाकं अर्धवट पडली आहेत, मालक येऊन विचारून गेले, मी सांगितलं तू कामाला बाहेरगावी गेला आहेस. ज्युडिथ सकाळी दळणाच्या गाड्या येतात त्या वाटेवर जाऊन बसते. तू येणार असं मी तिला सांगितलेलं नाही. येणार नाहीस असंही सांगितलेलं नाही.

हेस्टर